आपला आनंद आणि आपला शेजारी

शेजाऱ्याच्या घरी दुःख झाले की आपली मंडळी धावून जातात. रात्री-अपरात्री निरोप आला तरी कोणी कुरकुर करीत नाही. कोणी चहाची किटली नेतो, कोणी भाकरी-पिठले पोहोचवितो, कोणी कबरस्तानाच्या व्यवस्थेसाठी सायकल काढतो. ही आपली चांगली रीत आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु त्याच शेजाऱ्याच्या मुलाला चांगली नोकरी लागली, त्याने पत्रे काढून घरावर स्लॅब घातला, किंवा त्याच्या मुलीचे लग्न मनाजोगे जमले, तर आपली पावले तितक्याच लगबगीने त्याच्या दाराकडे वळतात काय? तोंडाने आपण अभिनंदन करतो, पेढाही खातो. पण घरी परतताना मनात एक बारीकसा काटा सलत असतो. रडणाऱ्यांबरोबर रडणे आपल्याला साधते. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करणे मात्र जड जाते. असे का व्हावे?

हा प्रश्न आजचा नाही. चौथ्या शतकातील प्रसिद्ध उपदेशक योहान क्रिसोस्तोम याने रोमकरांस पत्रावर प्रवचने करताना हेच निदर्शनास आणले होते. दुसऱ्याचे दुःख पाहून पाषाणहृदयी माणसालाही पाझर फुटतो, परंतु दुसऱ्याचे सुख पाहून त्यात सामील व्हायला अधिक थोर मन लागते, अशा आशयाचे त्याचे विवेचन आहे. दुःखात जाताना आपण देणारे असतो, थोडेसे वरच्या पायरीवर उभे असतो. सुखात जाताना मात्र आपण रिकाम्या हाताने उभे असतो. तेव्हा आपल्या मनात तुलना सुरू होते, आणि तुलना सुरू झाली की आनंद काढता पाय घेतो.

प्रभूने सांगितलेला हरवलेल्या नाण्याचा दाखला शब्बाथशाळेतील लहान मुलालाही ठाऊक आहे. एका बाईजवळ दहा नाणी होती, त्यांतले एक हरवले. तिने दिवा लावला, घर झाडले, कोपरान् कोपरा धुंडाळला आणि नाणे सापडल्यावर मैत्रिणींना व शेजारणींना बोलावून आपला आनंद सांगितला. या दाखल्याचा मुख्य अर्थ आपण अनेकदा ऐकला आहे. त्याच्या कडेला असलेल्या एका गोष्टीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. त्या बाईला राज्य मिळाले नव्हते. तिचेच नाणे तिला परत मिळाले होते. एवढ्याशा गोष्टीसाठी तिने शेजारणींना हाक मारली, याचा अर्थ रोजच्या जीवनातला लहानसा आनंदही वाटून घ्यावयाचा असतो, हे ती जाणत होती. आणि आणखी एक विचार मनात येतो. त्या शेजारणींपैकी एखादीचे स्वतःचे नाणे हरवलेले असेल आणि ते अजून सापडले नसेल, तर ती त्या आनंदात कशी सामील झाली असेल?

सगळा प्रश्न या शेजारणीचा आहे. आपण बहुधा तीच असतो.

ज्याचा स्वतःशी समेट झालेला नाही, त्याला दुसऱ्याच्या आनंदात मनापासून बसता येत नाही, असे आम्हांस वाटते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आठवावा. घरात गाणे-वाजविणे चालले आहे, मेजवानी तयार आहे, आणि हा कष्टाळू, आज्ञाधारक, निर्व्यसनी मुलगा उंबऱ्याबाहेर उभा आहे. त्याला भाऊ परत आल्याचे दुःख आहे असे म्हणण्यापेक्षा त्याला स्वतःचेच जिणे कमी वाटते आहे असे म्हणणे अधिक खरे. इतकी वर्षे त्याने बापाच्या घरात काढली, पण आपण पुत्र आहोत हे त्याने कधी मनापासून घेतले नाही. तो स्वतःला चाकरच समजत राहिला, आणि चाकर दुसऱ्याचे वेतन मोजत बसतो. घरातल्या आनंदाचे दार त्याच्यासाठी उघडेच होते. ते त्याने आतून नव्हे, बाहेरून लावून घेतले.

तेव्हा स्वतःचा स्वीकार म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. हा विचार हवेत करण्यापेक्षा एका गावाच्या आधाराने करू. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात, गणेशगुडी नावाचे लहानसे गाव आहे. कानडीत गुडी म्हणजे देऊळ. दांडेलीहून घाटातल्या दाट जंगलातून रस्ता तेथे जातो. जवळच काळी नदीवर सुपा धरणाची १०१ मीटर उंचीची भिंत उभी आहे. आज पुष्कळ तरुण तेथे नदीच्या खळाळत्या पाण्यात रबरी नावेतून जाण्याची मौज अनुभवायला येतात. मौज करून परतणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असते की भिंतीच्या पलीकडच्या पाण्याखाली एक गाव आहे?

ते गाव म्हणजे सुपा. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर ते वसलेले होते आणि तालुक्याचे मुख्य ठिकाण होते. धरण झाले, १९८५ मध्ये पायथ्याच्या वीजघरातून वीज निघू लागली, आणि सुपा व त्याच्या आसपासची वस्ती जलाशयाखाली गेली. कचेऱ्या जोयड्याला हलल्या. पुष्कळ विस्थापितांना रामनगर येथे वसविण्यात आले. २०११ च्या जनगणनेच्या पुस्तकांत तालुक्याचे नाव सुपा असेच छापलेले आहे. कागदावर गाव उरले, जमिनीवर नाही. ज्या माणसाला कोणी विचारले, तुम्ही कोठले, आणि ज्याला उत्तर देताना पाण्याकडे बोट दाखवावे लागले, त्याच्यासाठी ‘मी कोण’ हा पोथीतला प्रश्न राहत नाही.

या भागात भाषेचाही असाच प्रकार आहे. घरात कोंकणी, शाळेत किंवा प्रार्थनेत मराठी, आणि कचेरीत कानडी, असे तीन भाषांत जगणारे लोक येथे सहज भेटतात. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. माणसे जागची हलली नाहीत, पण त्यांच्यावरच्या पाट्या बदलत गेल्या. अशा सीमेवरच्या माणसाला पुण्याच्या माणसापुढे आपली मराठी गावंढळ वाटते, धारवाडच्या माणसापुढे कानडी तोकडी वाटते, आणि गोव्याच्या माणसापुढे कोंकणी वेगळी वाटते. तीन भाषा येतात हा खरे तर अभिमानाचा विषय. परंतु तीनही ठिकाणी संकोच वाटावा, अशी वेळ त्याच्यावर येते. आपल्यापैकी किती तरी जण असेच आहेत. ज्याच्यामुळे आपण श्रीमंत आहोत, त्याचीच आपल्याला लाज वाटते.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे अगत्याचे आहे. ‘जे आहे ते स्वीकारा, समाधानाने राहा’ असा उपदेश करणारे पुष्कळ असतात, आणि तो उपदेश बहुधा ज्याचे काही गेले नाही तो ज्याचे सर्व गेले त्याला करीत असतो. धरणासाठी घर सोडावे लागलेल्या कुटुंबाला समाधानाचा उपदेश करणे सोपे आहे. त्याला वेळेवर योग्य मोबदला व कसायला जमीन मिळवून देणे कठीण आहे. स्वतःचा स्वीकार आणि अन्यायाचा स्वीकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, ज्याने स्वतःला स्वीकारले आहे तोच अन्यायाला नाही म्हणू शकतो. ज्याला आपण मुळातच कमी आहोत असे वाटते, तो मिळेल त्यावर मान तुकवितो. किंवा मग सूड उगवितो. आपली किंमत ओळखणारा माणूस ताठ उभा राहून आपला हक्क मागतो, आणि मागताना दुसऱ्याचा द्वेष करीत नाही.

याच भागात आणखी एक समाज राहतो. हल्याळ, यल्लापूर, जोयडा वगैरे तालुक्यांतील जंगलांच्या आश्रयाने सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणण्यात आले, आणि कित्येक जण तेथून निसटून घाटातल्या रानात शिरले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि रोमन कॅथलिक ख्रिस्तीही आहेत. २००३ मध्ये उत्तर कन्नडमधील सिद्दींना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधानपरिषदेत सभासद म्हणून गेले. या समाजातून तेथील विधिमंडळात गेलेले ते पहिले गृहस्थ. रंगावरून आणि केसांवरून माणसाची पारख करणाऱ्या आपल्या समाजात या लोकांनी किती पिढ्या काय ऐकून घेतले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सिद्दी बायका जुन्या कपड्यांची एक गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात. फाटलेले लुगडे, विटलेला सदरा, मुलाचे आखूड झालेले झबले, जे काही घरात असेल त्याचे तुकडे कापून त्या एकमेकांशेजारी ठेवतात. कडेपासून सुरुवात करून हळूहळू मध्याकडे शिवत येतात, आणि बारीक धावदोऱ्याने सगळे एकत्र बांधतात. कॅथलिक घरातील बाई कधी त्यात क्रूस बसविते, मुसलमान घरातील बाई चंद्रकोर. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून फुले लावतात. ही फुले लावल्याखेरीज कवंद पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. फुलांवाचून ती उघडी वाटते. अशा गोधडीखाली घरातली लहान मुले निजतात.

स्वतःचा स्वीकार कशाला म्हणावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. कवंद शिवणारी बाई फाटके कापड नवे आहे असे समजत नाही. ती फाटलेला भाग ओळखते, कुजलेले टाकून देते, टिकाऊ तेवढे ठेवते. तुकडा लहान आहे म्हणून त्याची लाज धरीत नाही, आणि शेजारणीच्या घरी रेशमी चादर आहे म्हणून हातातली सुई खाली ठेवीत नाही. आपल्याजवळ जे आहे त्याचे ती एक पांघरूण करते. आणि ते काम नुसते भागावे म्हणून करीत नाही, तर कोपऱ्यांना फुले लावते. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. तरीही ती लावायचीच असतात. जे आपल्या वाट्याला आले त्यातून आपण काहीतरी सुंदर करू शकतो, असे त्या चार फुलांत सांगितलेले असते.

आपले आयुष्यही असेच तुकड्यांचे असते. एखादा तुकडा अपुऱ्या शिक्षणाचा, एखादा मोडलेल्या लग्नाचा, एखादा जातीवरून झालेल्या अपमानाचा, एखादा आजारपणाचा. अधूनमधून एखादा झगझगीत तुकडाही असतो. पुष्कळ लोक जन्मभर हे गाठोडे माळ्यावर लपवून ठेवतात आणि पाहुण्यांसमोर उसनी चादर अंथरतात. उसनी चादर मळेल, फाटेल, मालक परत मागेल, या भीतीत त्यांना कोणाजवळ मोकळेपणाने बसताही येत नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकांना या बाबतीत लांब जायला नको. लक्ष्मीबाई टिळकांचे स्मृतिचित्रे आपल्या घरातलेच पुस्तक आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एवढे सोसलेल्या बाईने आत्मचरित्र लिहिले तर ते अश्रूंनी भिजलेले असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेले ते पुस्तक वाचताना आजही माणसे खदखदा हसतात. आपली फजिती, आपला भोळेपणा, आपले अज्ञान, सोवळ्याओवळ्याचे आपले जुने वेड, हे सगळे त्यांनी काही हातचे न राखता सांगितले. त्यांचा स्वतःशी समेट झालेला होता, म्हणूनच त्यांना स्वतःला हसता आले. आणि स्वतःला हसता आले, म्हणूनच त्यांनी इतरांना हसविले. ज्याला आपला मोठेपणा सांभाळायचा असतो, त्याला असे हसविता येत नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या आयुष्यातील तुकड्यांची गोधडी केली, आणि तिची ऊब आता चौथ्या-पाचव्या पिढीला मिळत आहे.

येथे कोणी विचारील, आणि ते योग्यच आहे: आपण तर पश्चात्ताप करा असे शिकवितो. मग स्वतःचा स्वीकार करा असे म्हणणे म्हणजे पापावर पांघरूण घालणे नव्हे काय? जसा आहे तसाच मी बरा, असे प्रत्येकाने ठरविले तर सुधारणा कशी होणार?

हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. पण थोडा विचार केला तर दिसेल की पश्चात्ताप आणि स्वतःचा स्वीकार या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. डॉक्टरकडे जाणारा रोगी आधी हे मान्य करतो की हे शरीर माझे आहे आणि हे दुखणेही माझे आहे. जो म्हणतो मला काही झालेच नाही, तो दवाखान्याची पायरी चढत नाही. आणि जो म्हणतो मी आता कशाच्याच लायकीचा उरलो नाही, तोही चढत नाही. बढाईखोर आणि निराश, दोघेही घरीच बसतात. उधळ्या पुत्राची कथा तेव्हा पालटली, जेव्हा तो डुकरांच्या कळपात बसल्या बसल्या भानावर आला. म्हणजे स्वतःकडे परत आला. बापाच्या घरी जाण्याआधी त्याला ही लहानशी यात्रा करावी लागली. स्वतःचा स्वीकार म्हणजे ‘मी चांगलाच आहे’ असे म्हणणे नव्हे. ‘हा मीच आहे, आणि माझी सुरुवात येथूनच होणार’ असे म्हणणे, एवढाच त्याचा अर्थ.

पण मग दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. स्वतःला स्वीकारा असे सांगून कोणी स्वतःला स्वीकारतो काय? बुडणाऱ्याला स्वतःचेच केस धरून वर येता येत नाही. जक्कयाची गोष्ट पाहा. ठेंगणा माणूस, जकातीच्या धंद्यात पैसा मिळविलेला, गावाने वाळीत टाकलेला. तो झाडावर चढला खरा, पण कोणीतरी त्याला नावाने हाक मारीपर्यंत तो तेथेच बसून होता. प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला. आधी कोणी त्याला स्वीकारले, मग त्याचे त्यालाच उमगले की आपल्याजवळचे अर्धे द्रव्य गरिबांना द्यावे, आणि ज्यांना लुबाडले त्यांचे चौपट परत करावे. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. देण्याची अट घालून त्याला स्वीकारले नाही. स्वीकारला गेला म्हणून तो देऊ लागला. मूठ घट्ट आवळून बसलेला माणूस बहुधा कंजूष नसून भ्यालेला असतो.

याचा अर्थ असा की कोणाला स्वतःचा स्वीकार करता यावा ही आपलीही जबाबदारी आहे. कवंद मूल स्वतः शिवीत नाही. कोणीतरी त्याच्यासाठी शिवते आणि त्याच्या अंगावर घालते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. नाताळच्या नाट्यप्रवेशात मरीया कोणाला करतात? देवदूतांची पांढरी वस्त्रे कोणाच्या वाट्याला येतात? वर्गातली गोरीपान, चुरचुरीत बोलणारी मुलगी दर वर्षी मरीया होत असेल, आणि काळीसावळी, अडखळत बोलणारी मुलगी दर वर्षी मेंढरांच्या मागे उभी राहत असेल, तर त्या दुसऱ्या मुलीने देवाच्या प्रीतीविषयी आपल्या तोंडून वर्षभर जे ऐकले, ते त्या एका संध्याकाळी पुसले जाते. वचने पाठ करण्याच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्याला बक्षीस जरूर द्यावे. पण ज्याने धाकट्या भावाला हात धरून रविवारी वेळेवर आणले, त्याचे नावही त्याच दिवशी उच्चारले जावे. मुलांना तुलना शिकवावी लागत नाही, ती आपोआप येते. आपण कोणाला हवे आहोत ही खात्री मात्र कोणीतरी द्यावी लागते.

याच जिल्ह्यातील अंकोला तालुक्यातल्या तुळशी गौडा यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. हलक्की समाजातील ही बाई कधी शाळेत गेली नाही. वनखात्याच्या रोपवाटिकेत वर्षानुवर्षे राबून तिने असंख्य रोपे वाढविली. कोणत्या झाडाचे बी केव्हा गोळा करावे हे तिला पुस्तकावाचून कळत असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारताना ती आपल्या नेहमीच्या पारंपरिक वेषात आणि अनवाणीच गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ती वारली. दिल्लीच्या दिवाणखान्यात जाताना आपण आहोत तसेच जावे, एवढे बळ तिला कोठून आले असेल? आम्हांस वाटते, ज्याचे हात जन्मभर काहीतरी वाढविण्यात गुंतलेले असतात, त्याला आरशात पाहायला फारशी सवड मिळत नाही. स्वतःचा स्वीकार स्वतःकडे सतत पाहून होत नाही. तो हळूहळू, काम करता करता, इतरांना काही देता देता घडतो.

आता आनंद वाटण्याविषयी. येथेही एक अडचण आहे. शेजारी दुःखात असताना आपला आनंद त्याला सांगावा काय? ज्या बाईला मूल नाही तिच्यापुढे नातवाचे कौतुक करावे काय? पुष्कळ सज्जन माणसे या संकोचाने आपला आनंद घरातच कोंडतात. दुसरी काही माणसे अगदी उलट वागतात. आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. घरात नवा फ्रिज येण्याआधी त्याचे छायाचित्र शंभर घरी पोहोचलेले असते. यांतले पहिले मौन आहे, दुसरी जाहिरात आहे. वाटणे यांपैकी एकही नव्हे.

वाटणे आणि मिरविणे यांत फरक कसा ओळखावा? मिरविताना समोरच्याने पाहावे एवढीच अपेक्षा असते. वाटताना त्याच्या हातात काहीतरी पडते. नाणे सापडलेल्या बाईने ते दारावर टांगून ठेवले नाही. तिने माणसांना घरी बोलाविले. जिचे नाणे हरवलेलेच आहे, तिलाही तिने बोलाविले असेल, आणि कदाचित दुसऱ्या दिवशी दिवा घेऊन ती त्या शेजारणीच्या घरी शोधायला गेली असेल. आपला आनंद दुसऱ्याच्या शोधाला उपयोगी पडला, तर त्याने जखम होत नाही. निपुत्रिक बाईपुढे नातवाचे कौतुक करू नये हे खरे, पण नातवाला तिच्या मांडीवर द्यावे, त्याला तिला आजी म्हणायला शिकवावे. आनंद सांगून दुखावतो; त्यात वाटेकरी करून घेतले की पुष्कळदा तो औषध होतो.

आणि त्यासाठी मोठ्या प्रसंगाची वाट पाहण्याचे कारण नाही. जोयड्याच्या जंगलपट्टीतील कुणबी लोक नाना प्रकारचे कंद पिकवितात. कंदमुळे खाऊन दिवस काढणे, हे आपल्या भाषेत गरिबीचे वर्णन समजले जाते. गेल्या काही वर्षांत मात्र जोयड्यात कंदांचा मेळा भरू लागला आहे. आपल्या परसातले, मातीने माखलेले कंद बायका तेथे मांडून ठेवतात, आणि शहरातली माणसे कौतुकाने ते विकत घेतात व कसे शिजवायचे ते विचारतात. कंद बदलला नाही. तो पाहुण्यांसमोर ठेवण्याचा संकोच तेवढा गेला, आणि घरातले रोजचे अन्न दहा गावांच्या आनंदाचा विषय झाले. आपल्याही परसात असे काहीतरी पुरलेले असते. एखाद्याला चांगली पेटी वाजविता येते, एखादीच्या हाताला लोणच्याची चव आहे, एखादा म्हातारा जुन्या गोष्टी रंगवून सांगतो. ‘आमच्याजवळ काय आहे देण्यासारखे?’ असे म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. ती नम्रता आहे असे आपण समजतो. पुष्कळदा ती नम्रता नसून फक्त मातीत पुरून ठेवणे असते, आणि पुरून ठेवलेल्या रुपयाचा दाखला आपल्याला माहीत आहे.

सुपा धरणाचे पाणी कसे काम करते हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात जलाशय भरतो. नुसते साठून राहिलेले पाणी वीज देत नाही. ते खाली सोडावे लागते, तेव्हा गणेशगुडीच्या पायथ्याला प्रत्येकी ५० मेगावॉटचे दोन संच फिरतात. तेथून निघालेले तेच पाणी बोम्मनहळ्ळीला अडविले जाते आणि नागझरीच्या मोठ्या वीजघरात पुन्हा काम करते. पुढे कोडसळ्ळीला १२० मेगावॉटचे आणि कद्रा येथे १५० मेगावॉटचे वीजघर आहे. एकच पाणी चार ठिकाणी दिवे लावीत कारवारजवळ समुद्राला मिळते, आणि देताना ते कमी होत नाही. परंतु जलाशयच नसता तर उन्हाळ्यात द्यायला पाणीही उरले नसते. माणसाचेही असेच आहे. ज्याने स्वतःला स्वीकारले नाही, त्याच्याजवळ काही साठतच नाही. आणि ज्याने स्वीकारून फक्त स्वतःपाशी ठेवले, त्याचा साठा कोणाच्या कामी येत नाही. साठविणे आणि सोडणे, दोन्ही हवे.

या दिव्यांच्या मागे बुडालेले सुपा आहे हेही विसरून चालणार नाही. आपल्या पुष्कळशा सुखांखाली कोणाचे तरी नुकसान असते. आपल्या घरातील शिक्षणासाठी कोणा मोठ्या बहिणीने शाळा सोडलेली असते. आपल्या पक्क्या घरासाठी कोणी बापाने चाळीस वर्षे गिरणीत रात्रपाळी केलेली असते. ज्याला हे दिसते त्याला आपला आनंद एकट्याचा वाटत नाही. तो वाटणे म्हणजे उपकार नव्हे. ते देणे फेडणे आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपण सारे जाणतो. त्या आज्ञेत ‘स्वतः’ हा मापाचा शब्द आहे. माप खोटे असेल तर शेजाऱ्याच्या पदरातही खोटेच पडेल. जो स्वतःला तुच्छ लेखतो, तो आज ना उद्या शेजाऱ्यालाही तुच्छ लेखू लागतो.

म्हणून या महिन्यात वाचकांनी एक लहानसे काम करून पाहावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या घरात अलीकडे जे काही बरे घडले असेल, मग ते कितीही साधे असो, मुलाचा ताप उतरला, विहिरीला पाणी लागले, बऱ्याच दिवसांनी भावाचे पत्र आले, ते घेऊन एका शेजाऱ्याकडे जावे. आणि शक्य असल्यास अशा शेजाऱ्याकडे, ज्याच्या सुखाला आपण आजवर गेलो नव्हतो. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. वाटीभर लोणचे पुरे. तेथे बसल्यावर आपली गोष्ट थोडक्यात सांगावी आणि त्याची गोष्ट विचारावी. त्याचे नाणे सापडले असेल तर त्याच्याबरोबर हसावे. आणि अजून सापडले नसेल, तर घरी परतण्याची घाई करू नये; दिवा मागून घ्यावा आणि त्याच्याबरोबर शोधू लागावे.